उन्हात उभ्या पीव्हीसी पाइपला रंग द्यायचाय? घरातला उरलेला ऑइलपेंट बाजूला ठेवा

सोलापूर : सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातल्या डाळिंब-द्राक्षाच्या बागांत जमिनीतून वर आलेले पीव्हीसी पाइप जागोजागी खांबासारखे उभे दिसतात. ठिबकचा हेड, वॉलचे उभे तुकडे, सबमेनच्या टोकाचे फ्लश वॉल, शिवाय फाटकाला नाहीतर पाटीला रोवलेले पाइप. गाडलेला पाइप वर्षानुवर्षं टिकतो. वरचा तुकडा मात्र काही उन्हाळ्यांत पांढरट पडतो, हात फिरवला तर खडूसारखी भुकटी लागते. मग एक दिवस जनावर घासलं किंवा खोऱ्याचा दांडा लागला की कडकन फुटतो. रात्रीच्या लाइटीवर मोटर चालू असताना असं झालं, तर सकाळपर्यंत शेततळ्यातलं पाणी शेजारच्याच्या रानात. त्यात डाळिंबाचं पाणी मागंपुढं झालं की फळ तडकतं, ते वेगळंच.

उन्हातली अतिनील किरणं पाइपची फक्त वरची साल जाळतात. पाण्याचा दाब सोसायची ताकद त्यानं फारशी कमी होत नाही, पण मार सोसायची ताकद जाते. त्यामुळंच धड दिसणारा पाइप धक्क्याला दगा देतो. किरणं अडवायला रंगाचा थर पुरतो, फक्त रंग योग्य पाहिजे.

घराच्या बाहेरच्या भिंतीला लावतात तो पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक इमल्शन घ्यायचा, पांढरा किंवा फिक्कट. दाराला लावून उरलेला ऑइलपेंट नको. सहा मीटरचा पाइप पहाटेपासून भर दुपारपर्यंत ३० अंशांनी तापला, तर एक सेंटिमीटरहून थोडा जास्त लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. ऑइलपेंट वाळून कडक होतो, ही ओढाताण त्याला झेपत नाही, मग पापुद्रे निघतात. इमल्शन थोडा ताणला जातो. गडद रंगही टाळावा. पीव्हीसी पाइपवर लिहिलेला दाब २७ अंश तापमानाला धरलेला असतो, पाइप जितका तापेल तितका तो कमी होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना काळा किंवा गडद हिरवा रंग देणं म्हणजे पाइप आणखी तापवणं. चुन्याचा हात स्वस्त पडतो, पाइपला अपायही नाही, पण पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातो.

आधी प्लास्टिक ओळखा

काळा एचडीपीई पाइप, ठिबकच्या नळ्या, पाण्याची टाकी यांवर साधा रंग धरतच नाही. ठिबकच्या नळ्यांत काजळी मिसळलेली असते, त्यांना उन्हासाठी रंगाची गरजही नाही. शंका असेल तर पाइपचा छोटा तुकडा कापून बादलीत बोटानं पाण्याखाली दाबून सोडावा. बुडाला तर पीव्हीसी, वर आला तर रंगाचा खर्च वाचवावा.

खरं काम घासण्याचं

रंग निघून येतो तो बहुतेक वेळा खालच्या घाणीमुळं. बागेतल्या पाइपवर बोर्डोचा निळसर थर असतो, बोअरच्या पाण्याचे क्षार असतात, ऑइलचे हातही लागलेले असतात. आधी साबणाच्या पाण्यानं धुवावं, क्षार लिंबानं किंवा व्हिनेगरनं पुसून साफ पाणी मारावं. मग बारीक वॉटर पेपरनं, पाणी लावतच, चकाकी जाईपर्यंत आणि खडूसारखी साल निघेपर्यंत घासावं. कोरडं घासू नये. जुन्या पीव्हीसी पाइपमध्ये शिसं वापरलं जायचं. केंद्र सरकारनं त्यावर बंधनं आणणारे नियम २०२१ मध्ये काढले. ती धूळ नाकातोंडात जाता कामा नये. तोंडाला फडकं बांधावं, पोरांना लांब ठेवावं, घासलेलं पाणी पाण्याच्या हौदाजवळ सांडू नये.

शेवटी स्पिरिटच्या फडक्यानं पुसावं. थिनर पीव्हीसीला खातो आणि रॉकेल तेलकट थर सोडतं, त्यामुळं हे दोन्ही नकोत.

प्लास्टिकला चालणारा प्रायमर मिळाला तर एक हात द्यावा. भिंतीचा सिमेंट प्रायमर त्यासाठी नसतो. सकाळी दव वाळल्यावर, पाइप तापायच्या आत रंग लावावा. दोन पातळ हात, मध्ये चार तास. फवारणीच्या दिवशी हे काम काढू नये. ६३ मिमीच्या सहा मीटर लांब पाइपचा पृष्ठभाग तेरा चौरस फुटांच्या आसपास भरतो, म्हणजे लिटरभर रंगात साधारण चार पाइपांना दोन हात बसतात. सगळीकडं लावण्याआधी वीतभर जागेवर लावून बघावा. दोन दिवसांनी चिकटपट्टी दाबून झटक्यानं ओढावी. रंग पट्टीबरोबर आला तर घासणं कमी पडलंय.

रोवलेल्या खांबाला रंग मातीच्या चार बोटं खालपर्यंत न्यावा. एअर वॉलचं भोक, प्रेशर गेजची काच आणि आटे यांवर चिकटपट्टी लावून ठेवावी. एअर वॉलचं भोक रंगानं बुजलं तर हवा बाहेर पडत नाही. पाइपवरचा आयएस ४९८५चा शिक्का आणि दाबाचा आकडाही झाकू नये, बदली पाइप आणताना तो लागतो. नवीन जोड सोल्युशननं बसवला असेल तर एक दिवस थांबून मगच रंगवावा. रंगवलेल्या पाइपला पुढं जोड द्यायचा झाला, तर तेवढ्या भागातला रंग पूर्ण खरवडून काढावा, नाहीतर सोल्युशन रंगाला चिकटतं, पाइपला नाही. केसाएवढी भेग गेलेला तुकडा मात्र रंगवत बसू नये, कापून बदलावा.