पीतज्वराचा नकाशा

एखाद्या मुलखाला पीतज्वराचा धोका किती, हे कळायला कैक वर्षे एकच साधन होते, ते म्हणजे मेलेली माणसे. १७९३ साली फिलाडेल्फियात सुमारे पाच हजार जण दगावले, तेव्हा कुठे त्या शहराला धोका उमगला. १८८१ मध्ये हवानाच्या कार्लोस फिनले यांनी डासावर बोट ठेवले, १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते सिद्ध केले, आणि शहरांतला डास आवरला की रोग संपेल असे वाटू लागले. पुढे १९३० च्या सुमारास ब्राझीलमध्ये थोड्या दिवसांच्या तापाने मेलेल्यांच्या यकृताचा तुकडा काढून तपासण्याची व्यवस्था उभी राहिली. नातेवाईक विरोध करत; तरी तिच्यामुळेच कुणाच्या ध्यानीमनी नसलेली रोगाची ठाणी उजेडात आली. १९३२ मध्ये एस्पिरितु सांतूच्या रानात तर शहरी डास नसतानाही साथ सापडली. रोग जंगलातल्या माकडांत मुक्काम करून होता.

मेलेल्यांकडून जिवंतांकडे वळण्याचा टप्पा मला या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्यात आपल्या भूमीचाही वाटा आहे. १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत एड्रियन स्टोक्स व सहकाऱ्यांनी रुग्णाचे रक्त भारतातून नेलेल्या माकडांना टोचले. ती आजारी पडली आणि विषाणू हाती आला. स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने गेले. पुढे मॅक्स थायलर यांनी या कामाला साधा उंदीरही चालतो हे दाखवले. मग १९३१ पासून माणसाच्या रक्तातला द्रव विषाणूसह उंदराला टोचून पाहू लागले. उंदीर जगला, तर त्या माणसाला पूर्वी कधीतरी पीतज्वर होऊन गेला असे समजायचे. आफ्रिकेत ठिकठिकाणच्या रक्ताची अशी तपासणी झाली आणि आज आपण पाहतो त्या नकाशाच्या पहिल्या रेघा उमटल्या.

१९३७ मध्ये थायलर यांचीच १७डी लस आली आणि ही मोजणी अवघड झाली. उंदराला वाचवणारी रक्तातली प्रतिपिंडे रोगाची की लसीची, हे सहज सांगता येईना. धोक्याबरोबर लसीकरणाचीही नोंद ठेवणे भाग पडले. लसीकरणात खंड पडला की काय होते, ते सेनेगलने भोगले. फ्रेंच अमलात तिथे त्वचेवर ओरखडा काढून द्यायची वेगळी लस सक्तीची होती, आणि साथी थांबल्या होत्या. मेंदूज्वराच्या भीतीने १९६० च्या सुमारास लहान मुलांना ती देणे बंद झाले. १९६५ मध्ये द्यूर्बेलला साथ आली, ती मुख्यतः याच मुलांत. रोग गेलेला नव्हता, लसीआड दडला होता.

डिसेंबर २०१५ मध्ये अंगोलातल्या लुआंडात साथ भडकली, तेव्हा जगाचा लससाठा अपुरा पडला. पुढच्या वर्षी किन्शासात लाखो लोकांना एकपंचमांश मात्रेवर भागवावे लागले. आज साथ रोखायला किमान ८० टक्के लोकांचे लसीकरण हवे असे मानतात, पण देशाच्या सरासरीत एखादा बिनलसीचा जिल्हा सहज लपतो. लुआंडाच्या त्या साथीत अंगोलाहून काही चिनी कामगार रोग घेऊन मायदेशी परतले. आपल्याकडे पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे. म्हणूनच बाधित देशांतून लसीच्या दाखल्याविना येणाऱ्या प्रवाशाला भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते.