घोडेशर्यती : परवाना, कर आणि निधी (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात घोड्यांच्या शर्यती सरकार भरवत नाही. ते रेसकोर्सला परवाना देते आणि पैजेवर कर घेते. शर्यतींचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहे. हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मी येथे आणि पावसाळ्यात पुण्याला रेस होतात. जॉकी, ट्रेनर यांना परवाने देणे, चुकल्यास त्यांना शिक्षा करणे, हेही क्लबच पाहतो.

परवान्याचा कायदा १९१२ चा, तर पैजकराचा १९२५ चा. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातही रेसला वेगळी वागणूक आहे : शर्यतीच्या दिवशी, आखून दिलेल्या किंवा सरकारमान्य जागी, परवानाधारक बुकीकडे वा टोटवर (टोटलायझेटरवर) लावलेली पैज जुगार ठरत नाही. तीच पैज पानाच्या टपरीवर लावली तर गुन्हा. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे स्पष्ट केले.

१ जुलै २०१७ पासून पैजकर जीएसटीत विलीन झाला आणि दर २८ टक्के ठरला. खरा वाद दराचा नव्हता. कर कशावर घ्यायचा, याचा होता. टोटच्या खिडकीवर कोणी १०० रुपयांची पैज लावली आणि क्लबने त्यातले, समजा, १० रुपये आपले म्हणून ठेवले, तर त्या कमाईवरचा कर २ रुपये ८० पैसे होतो. पूर्ण पैजेवर तो २८ रुपये. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, कर फक्त कमाईवर असावा, ही क्लबांची बाजू उचलून धरली. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदाच बदलून पूर्ण पैज करपात्र झाली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला. बेकायदा बुकी यातला एक पैसाही भरत नाही, त्यामुळे पैज लावणाऱ्याला तो जास्त भाव देऊ शकतो. एवढा कर कायदेशीर खिडकीच ओस पाडेल, ही भीती रास्त आहे.

या ओझ्याची झळ थेट तबेल्याला लागते. बक्षिसांची रक्कम क्लबची कमाई, मालकांची प्रवेश फी आणि प्रायोजक यांतून उभी राहते. ट्रेनर, जॉकी, सईस यांची पोटे त्यावर चालतात. ब्रिटनमध्ये १९६१ च्या कायद्याने सुरू झालेली, बुकींकडून वसूल होणारी पट्टी शर्यतींच्याच कामी लावली जाते. आपल्याकडे तशी सोय नाही, आणि या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

प्राप्तिकर वेगळाच : जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के. शर्यतीचे घोडे पाळून मालकाला तोटा झालाच, तर तो फक्त त्याच व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा होतो, आणि जास्तीत जास्त ४ वर्षे पुढे ओढता येतो.