मियाजिमा : एका रम्य बेटाचें रक्षण

जपानच्या अंतर्गत समुद्रांत, हिरोशिमा शहराच्या नैर्ऋत्येस, सुमारें ३० चौरस किलोमीटर विस्ताराचें एक डोंगराळ बेट आहे. त्याचें मूळ नांव इत्सुकुशिमा. लोक त्याला मियाजिमा, म्हणजे देवळाचें बेट, असें म्हणतात. भरतीच्या वेळीं पाण्यावर तरंगत असल्यासारखें दिसणारें तेथील देवालय तैरा-नो-कियोमोरी या सरदारानें ११६८ च्या सुमारास भव्य स्वरूपांत बांधविलें. तें जमिनीवर न बांधतां समुद्रांत कां उभारलें, याचें कारण परंपरा असें सांगते कीं, सारें बेटच देवरूप मानलेलें. त्या भूमीवर घाव घालणें भाविकांस नको वाटे. पुढें १६४३ सालीं हायाशी गाहो या पंडितानें जपानमधील तीन सर्वोत्कृष्ट रम्य स्थळांत या बेटाची गणना केली.

कालांतरानें श्रद्धेच्या जोडीस कायदा आला. १९१९ सालच्या कायद्यान्वयें १९२३ मध्यें हें बेट ऐतिहासिक व रम्य स्थळ म्हणून घोषित झालें. मिसेन पर्वतावरील आदिम अरण्यास १९२९ मध्यें नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. कायदा माणसाची कुऱ्हाड थांबवूं शकतो हें खरें. परंतु पाऊस त्याच्या आज्ञेंत नसतो.

१७ सप्टेंबर १९४५ रोजीं माकुराझाकी नांवाचें प्रचंड वादळ जपानवर आलें. हिरोशिमावर अणुबाँब पडून जेमतेम सहा आठवडे झाले होते. मिसेनच्या उतारावरील शिळा, माती व उन्मळलेले वृक्ष मोमिजिदानी ओढ्याच्या वाटेनें खालीं लोटले, ते थेट देवालयापर्यंत येऊन पोहोंचले.

ओढ्यास आवर घालणें तर अवश्य होतें. पण नेहमींच्या रीतीनें काँक्रीटच्या भिंती उभारल्या, तर देवालय वाचूनहि बेटाची शोभा हरपणार होती. १९४८ मध्यें सुरू झालेल्या कामास म्हणूनच विलक्षण नियम घालून देण्यांत आले. लहानमोठ्या शिळांस इजा करूं नये, त्या आहेत तशाच वापराव्या. झाडें तोडूं नयेत. काँक्रीट कोठेंहि डोळ्यांस दिसूं देऊं नये. दगड परक्या ठिकाणाहून आणूं नयेत. आणि रचनेंत उद्यानकारांचें कौशल्य घ्यावें. अशा रीतीनें, प्रलयानें आणून टाकलेल्या शिळाच प्रलयाच्या वाटेंतील बांध झाल्या. १९५० मध्यें काम पुरें झालें. आज मेपल वृक्षांच्या त्या दरींतून फिरणाऱ्या पुष्कळांस आपण एका बंधाऱ्याजवळून जात आहों, याची जाणीवहि होत नाहीं. हें काम २०२० मध्यें राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक ठेव म्हणून गौरविलें गेलें.

तथापि रक्षणाचें काम एकदां करून संपत नाहीं. १९९१ च्या वादळांत देवालयाचा नाट्यमंच कोसळला; तो पुन्हां बांधावा लागला. १९९६ मध्यें देवालय व मिसेनचें अरण्य यांचा जागतिक वारशांत समावेश झाला. समुद्रांतील भव्य तोरणद्वार २०१९ ते २०२२ या काळांत दुरुस्तीसाठीं मचाणांनीं वेढलेलें होतें. यात्रेकरूंची गर्दी वाढली, तिचाहि भार बेटावर पडूं लागला; म्हणून ऑक्टोबर २०२३ पासून येणाऱ्यांकडून १०० येन कर घेण्यास आरंभ झाला.

रम्य स्थळ जसेंच्या तसें गोठवून ठेवितां येत नाहीं, तेथें हात लावावाच लागतो. बेचिराख झालेल्या शहराच्या शेजारीं, अत्यंत हलाखीच्या काळांत, तो हात किती संयमानें लावावा याचा विचार तेथील लोकांनीं केला, आणि म्हणूनच मोमिजिदानीची दरी आजहि दरीच राहिली आहे.