भारतात जन्म, मग नागरिकत्वाचा अर्ज कोणी करावा?

रत्नागिरी : ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणले आणि १९१६ मध्ये येथेच त्याचे निधन झाले. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू हिचा जन्म रत्नागिरीचा आणि संसारही रत्नागिरीचाच. राज्यघटनेचा अंमल सुरू झाला तेव्हा अशा व्यक्तींना नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची गरज नव्हती. भारतात जन्म आणि भारतातच अधिवास, एवढे कलम ५ नुसार पुरेसे होते.

पुढे हे निकष कडक होत गेले. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, परकीय राजदूतांची अपत्ये यांसारखे मोजके अपवाद वगळता, जन्मानेच भारतीय नागरिक ठरते. आईवडील कोणत्या देशाचे हे पाहिले जात नाही. हिमाचल प्रदेशात १९८६ मध्ये जन्मलेल्या एका तिबेटी महिलेला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये याच आधारावर भारतीय ठरविले. अशा व्यक्तीने नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचे कारणच नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

१ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांसाठी मात्र माता-पित्यांपैकी एक जण जन्मसमयी भारतीय नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून त्यात आणखी एक अट आली : दोघेही नागरिक असावेत, अथवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसावा.

कोकणात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. येथील अनेक घराण्यांचे नातेसंबंध कराची, आखाती देश आणि आफ्रिकेपर्यंत पसरलेले आहेत. परदेशी नागरिकाशी विवाह झाल्याने भारतीय स्त्रीचे नागरिकत्व जात नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्यास ते जाते. समजा, परदेशी दिलेली मुलगी १९९५ मध्ये बाळंतपणासाठी माहेरी राजापुरास आली. त्या दिवशी ती भारतीय असेल तर बाळ जन्मतः भारतीय. तिने आधीच पतीच्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल आणि पतीही परकीय असेल, तर तेच बाळ राजापुरात जन्मूनही कायद्याने परकीय.

अशा व्यक्तीसाठी नोंदणीचा मार्ग आहे. अर्जदार सज्ञान असावा, त्याची आई अथवा वडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असावेत आणि अर्जापूर्वी बारा महिने त्याचे भारतात वास्तव्य असावे. आईवडिलांचा भारताशी असा संबंधच नसेल, तर सर्वसाधारणपणे बारा वर्षांच्या वास्तव्यानंतर स्वाभाविकीकरणाचा अर्ज करता येतो. त्यासाठी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान लागते. मराठी त्यात आहे, त्यामुळे रत्नागिरीत वाढलेल्याला ही अट जड जाऊ नये. बेकायदेशीर स्थलांतरितांना मात्र हे दोन्ही मार्ग बंद आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना यातून सूट दिली आहे.

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. त्यानंतर सर्वसाधारणपणे जिल्हाधिकारी कार्यालयातून पडताळणी होते. खरी अडचण कागदपत्रांची असते. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथील ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत होते. सासरच्या गावी दप्तर धुंडाळणारे, नोंद आजोळी आहे हे विसरतात. आधार कार्डाचा येथे उपयोग नाही. आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. पासपोर्टच्या व व्हिसाच्या जुन्या प्रती जपून ठेवाव्यात, कारण वास्तव्याचा हिशेब त्यांवरूनच लागतो.

दुहेरी नागरिकत्व भारताला मान्य नसल्याने परकीय नागरिकत्व सोडावेच लागते. परंतु भारताकडून स्वीकृतीचे पत्र येण्यापूर्वी ते सोडणाऱ्यावर कोणत्याच देशाचा नागरिक न राहण्याची वेळ येऊ शकते. शिवाय पाकिस्तानच्या कायद्यानुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला नागरिकत्वाचा त्याग करता येत नाही. केरळमधील दोन बहिणींनी पासपोर्ट परत केले, पण त्यागाचे प्रमाणपत्र त्यांना मिळाले नाही. त्या प्रमाणपत्राशिवाय भारतीय नागरिकत्व देता येणार नाही, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२५ मध्ये दिला.