बांधावरच्या पंगतीची कुळकथा

रविवारी सकाळी इंदिरानगरात कुणाला फोन करावा, तर तो बहुधा गाडीत सापडतो. पाथर्डी फाट्यावरून अंबड-सातपूर लिंक रोड, पुढे बारदान फाटा, आणि मग गंगापूरच्या अंगाला कुठेतरी चुलीवरची मिसळ. मिसळ घराजवळही मिळते, चांगली मिळते. तरी माणसं आजीला पुढच्या सीटवर बसवून, पोरांना मागे कोंबून शेतात जातात. जेवण झालं की बापे शेवटच्या द्राक्षओळीपर्यंत चालत जाऊन येतात, पोरं मातीत खेळतात, आणि घरी निघताना कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आपलंही एक शेत असायला हवं होतं.’

शहरातून खास उठून शेतावर जेवायला जायची ही चाल नाशिकला आता इतकी अंगवळणी पडली आहे, की तिला काही इतिहास असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. इतिहास आहे. तिचं एक मूळ इथल्याच मातीत आहे, दुसरं थेट इटलीच्या टेकड्यांवर.

इथलं मूळ आधी पाहू. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली बसून जेवायचा रिवाज महाराष्ट्रात जुना आहे. गावाबाहेर जायचं, झाडाची पूजा करायची, तिथेच रांधायचं किंवा डबे सोडायचे. आवळीभोजन हे धर्मकृत्य, तर हुरडा हा निखळ शेतीचा सण. ज्वारीचा दाणा दुधावरून नुकता चिकात आला, की आठ-पंधरा दिवसांची खिडकी उघडते. गुळभेंडी किंवा सुरती अशी खास हुरड्याची ज्वारी बांधाकडेला राखलेली असते. जमिनीत वीतभर खोल खड्डा करून शेणकुटं पेटवायची, जाळ बसला की आरात कणसं खुपसायची. ही आगटी. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि हिरवट, मऊ, धुराचा वास लागलेले दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे. सोबत तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. चोळणाऱ्याचे तळवे लाल होतात, खाणाऱ्याचं पोट भरलं तरी मन भरत नाही.

यात पैशाचा संबंध नव्हता. ‘हुरड्याला या’ हे आमंत्रण असे. ते व्याह्यांना जाई, शाळेच्या मास्तरांना जाई, तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना जाई, आणि नोकरीपायी शहरात गेलेल्या भावाला तर आवर्जून जाई. ज्याला बोलावणारं कुणी नाही, त्याला हुरडा नाही. मला ही अट फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे जे बदललं ते इथेच.

1964 मध्ये नाशिकजवळ ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला. साठ-सत्तरच्या दशकांत सातपूर आणि मागोमाग अंबडची औद्योगिक वसाहत वाढली. निफाड, सिन्नर, चांदवड, धुळे, जळगावची शेतकऱ्यांची पोरं कामाला आली आणि इथलीच झाली. त्यांना घरं हवी होती, आणि पाथर्डी-वडाळ्याच्या शिवारांवर वसाहती चढत गेल्या. आजचं इंदिरानगर त्यातलंच. म्हणजे आपण ज्या जमिनीवर राहतो तीच एका पिढीमागे पिकाखाली होती. गावाकडे वाटण्या झाल्या, थोरले गेले, आणि हुरड्याला बोलावणारा माणूस हळूहळू कमी झाला. शेतात बसून खायची ओढ मात्र कमी झाली नाही.

नेमकी हीच गोष्ट इटलीत काही वर्षं आधी घडून गेली होती.

तोस्काना आणि उंब्रिया या मध्य इटलीतल्या प्रांतांत शतकानुशतकं ‘मेझ्झाद्रिया’ नावाची अर्धेलीची पद्धत होती. जमीन मालकाची, राबणूक कुळाच्या कुटुंबाची, पीक निम्मंनिम्मं. टेकडीवर दगडी घर, त्याच्याभोवती द्राक्षं, ऑलिव्ह, गहू, दोन बैल. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तरेकडच्या कारखान्यांनी माणसं ओढून घेतली. 1964 मध्ये असे नवे करार करायलाच कायद्याने बंदी आली. कुटुंबं तोरिनो-मिलानोला गेली, आणि दगडी घरांच्या छपरांतून झाडं उगवू लागली.

1965 मध्ये काही जमीनदार-शेतकऱ्यांनी ‘अग्रितुरिस्त’ नावाची संघटना काढली. कल्पना साधी होती. घर रिकामं आहे, शहरातला माणूस गावच्या अन्नाला आसुसला आहे, दोघांची गाठ घालून द्या. 1973 मध्ये उत्तरेतल्या त्रेंतो प्रांताने यासाठी पहिला नियम केला, आणि 5 डिसेंबर 1985 रोजी सबंध देशाचा कायदा क्रमांक 730 आला. या कायद्याने ‘अग्रितुरिझ्मो’ या व्यवसायाला चौकट दिली.

त्या चौकटीचा कणा एका अटीत आहे: शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणचार हा तिचा जोडधंदा. जो शेती करत नाही त्याला हा परवाना नाही. 2006 च्या सुधारित कायद्याने आणखी आवळलं. ताटातलं अन्न प्रामुख्याने आपल्या शेतातलं आणि त्या परिसरातलं हवं. किती टक्के, ते प्रत्येक प्रांताने ठरवायचं. आज इटलीत अशी 25,000 हून अधिक शेतघरं आहेत. ती नुसत्या निसर्गसौंदर्यावर उभी नाहीत, या अटीवर उभी आहेत असं माझं ठाम मत आहे.

1985 च्या कायद्याच्या मागोमाग वाइनच्या धंद्याला एक मोठा धक्का बसला. 1986 मध्ये इटलीत मिथेनॉल मिसळलेली स्वस्त वाइन पिऊन वीसहून अधिक माणसं दगावली. सगळ्या देशाच्या वाइनवरचा भरवसा उडाला. प्रामाणिक बागायतदारांपुढे एकच वाट राहिली: या, आमचं तळघर बघा, पिंप बघा, आम्ही काय करतो ते डोळ्यांनी पाहा. 1993 मध्ये तोस्कानातल्या दोनातेल्ला चिनेल्ली कोलोंबिनी यांच्या पुढाकाराने मे महिन्यातल्या एका रविवारी बागायतदारांनी आपली तळघरं लोकांसाठी खुली केली. तो पायंडा आजही चालू आहे. त्याच 1986 साली रोममधल्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनल्ड्स उघडलं, आणि त्याच्या विरोधातून ब्रा या लहान गावच्या कार्लो पेत्रिनी यांनी सावकाश, स्थानिक अन्नाची चळवळ उभी केली. पुढे 1999 मध्ये ग्रेव्हे इन कियांती, ओर्व्हिएतो, ब्रा आणि पोसितानो या चार गावांनी मिळून ‘चित्तास्लो’ हा संथ गावांचा संघ बांधला. पन्नास हजारांपेक्षा जास्त वस्ती असलेल्या शहराला त्यात जागा नाही.

युरोपच्या सहलीला जाणाऱ्या आपल्या मंडळींना मी म्हणेन, रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस या बसच्या फेरीतून एक दिवस चोरा आणि अशा एखाद्या गावी जा. ग्रेव्हेचा चौक त्रिकोणी आहे, तिन्ही बाजूंना कमानींची सावली आहे, मधोमध समुद्रप्रवासी व्हेर्रात्सानोचा पुतळा आहे. पाहायला एवढंच. पण कमानीखालच्या दुकानात मांस, चीज, तेल आणि वाइन असा बराच माल आजूबाजूच्या टेकड्यांवरचा असतो, आणि चौकात उभं राहून त्या टेकड्या दिसतात.

आता पुन्हा आपल्याकडे. महाराष्ट्रात कृषी पर्यटनाची सुरुवात सरकारने केली नाही, शेतकऱ्यांनी केली. 1980 च्या दशकात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी आपल्या सगुणाबागेत शहरी पाहुण्यांना भात, मासे, म्हशी दाखवायला सुरुवात केली. 2005 च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामती तालुक्यात ही गोष्ट रीतसर प्रशिक्षण देऊन शेकडो शेतकऱ्यांपर्यंत नेली. राज्याचं कृषी पर्यटन धोरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, सप्टेंबर 2020 मध्ये आलं. हुरड्याचं आमंत्रण इथे तिकीट झालं. काहींना ते खटकतं. मला खटकत नाही, कारण बोलावणारा काका ज्याला उरला नाही त्याच्यासाठी हे दार उघडलं.

नाशिकने या चालीला द्राक्षाचं वळण दिलं. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी 1925 च्या सुमारास द्राक्षबाग लावली, तिथून या जिल्ह्याच्या बागायतीची कथा सांगतात. ती सगळी खायच्या द्राक्षांची. वाइनची द्राक्षं खरी रुजली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या आपल्या घरच्या जमिनीवर ती लावली तेव्हा. 1999 मध्ये ‘सुला’ सुरू झाली, 2000 मध्ये पहिली बाटली बाजारात आली. आईचं नाव सुलभा, त्यावरून सुला. 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं. पण आपल्या कथेसाठी महत्त्वाचं साल 2005. त्या वर्षी सुलाने बागेतच वाइन चाखायची खोली उघडली, आणि पुढे त्याच आवारात ‘लिटल इटली’ नावाचं शाकाहारी हॉटेलही आलं. पुण्या-मुंबईची माणसं शुक्रवारी रात्री निघून नाशिकला येऊ लागली. बागेत बसून खायला लोक पैसे मोजतात हे आसपासच्या शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. वाइन न करणाऱ्यांनी मग चूल मांडली, तर्री उकळली. मखमलाबाद-गंगापूर पट्ट्यातली बागेतली मिसळ ही माझ्या लेखी वाइनच्या त्या खोलीची सख्खी धाकटी बहीण आहे.

इटलीशी याहून जवळचं नातं मात्र निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीत सापडतं. तिथल्या ‘रिव्हेलो’ वाइनरीने सुरुवातीच्या काळात आंद्रेया वालेंतिनुत्सी हे इटालियन वाइनमेकर आणले, आणि सिसिली बेटावरच्या नेरो दाव्होला व ग्रिल्लो या जाती निफाडच्या काळ्या रानात लावल्या. नेरो दाव्होलाचा घड हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. निर्यातीच्या थॉमसनचा मणी लांबट, टपोरा, बिनबियांचा. हा मणी बारका, निळसर काळा, साल जाड, आत बिया. दोन बोटांत दाबला तर रस जवळपास पांढरा निघतो. तांबडा रंग सगळा सालीत असतो, म्हणून साल रसात भिजत ठेवावी लागते. दुसरं नातं सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला आहे. तिथे मोहिते-पाटील आणि सेखरी कुटुंबांबरोबर इटलीच्या सेच्ची बंधूंनी ‘फ्रातेल्ली’ उभी केली. कियांतीत आयुष्य घालवलेले पिएरो मासी तिथे वाइन करायला आले, आणि ग्रेव्हेच्या टेकड्यांवरचं सांजोव्हेसे हे द्राक्ष माळशिरस तालुक्यात रुजलं.

वेल तोच, पण त्याचं वर्ष इथे पार बदललं. इटलीत हिवाळ्यात थंडी पडली की वेल झोपतो. वर्षातून एकदा छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. नाशिकला वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नुसत्या काड्या तयार करायच्या, आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी करून त्यांवर घड आणायचे. काढणी जानेवारी ते मार्च. तिकडे शेतघरांत गर्दी उन्हाळ्यात, तर इकडे बागेला जायचे खरे दिवस पौष-माघाचे, म्हणजे बरोबर हुरड्याचेच. दोन्ही मुळं इथे एकाच ऋतूत येऊन भेटतात, आणि या कथेतलं मला सगळ्यात आवडलेलं वळण हेच.

आता माझी तळमळ सांगतो. गंगापूर रोडच्या पुढे आणि मखमलाबादकडे गेल्या काही वर्षांत बऱ्याच बागा तुटल्या, तिथे हिरवळ अंथरून लग्नाचे लॉन आणि पार्टीचे मांडव उभे राहिले. काही ठिकाणी चार ओळी फोटोपुरत्या ठेवलेल्या असतात. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. 2010 मध्ये औषधाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षं नाकारली, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने काढणीला आलेल्या बागा झोडपल्या. एका रात्रीत वर्षाची कमाई जाते हे ज्याने पाहिलं, त्याने पाहुण्यांच्या पैशावर भिस्त ठेवली तर नवल नाही. उलट त्यासाठीच हा जोडधंदा हवा. पण बागच गेली तर पाहुणा काय पाहायला येणार? इटलीच्या कायद्याने 1985 मध्ये ओळखलं ते हेच. पाहुण्याच्या पैशाने शेती जगली पाहिजे, शेतीचा पडदा करून पाहुणचार नव्हे. आपल्या धोरणात शेतकऱ्याला सवलती आहेत, त्या हव्यातच. ताटातलं अन्न कुठून यावं, याचा नियम मात्र आपल्याकडे अजून कडक व्हायला हवा असं मला वाटतं.

तोवर हा नियम आपणच पाळू शकतो. जेवायला बसण्याआधी मालकाला विचारा: मटकी कुणाच्या शेतातली, दही कुणाच्या म्हशीचं, गोडी छाटणी कधी झाली, यंदा भुरीचा रोग किती आला. जो खरा शेतकरी आहे त्याला हे प्रश्न आवडतात. तो चूल सोडून उठतो, बागेत नेतो, पानाची मागची बाजू उलटून दाखवतो, आणि मग अर्धा तास बोलतच राहतो. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडे पुढच्या रविवारी जाऊ नका.