हंटरवाली ते डायमंड क्वीन : स्टंटपटांतील कर्तबगार नायिका

भारतीय बोलपटाच्या पहिल्या दशकातील स्त्रीप्रतिमेचा विचार करताना मराठी अभ्यासक प्रामुख्याने प्रभातच्या ‘कुंकू’कडे (१९३७) वळतात. ते योग्यच आहे. तथापि त्याच काळात मुंबईत वाडिया मूव्हिटोनने निर्माण केलेली स्टंटपटांची मालिका ‘पिटातल्या प्रेक्षकांची करमणूक’ म्हणून दुर्लक्षित राहिली. ही उपेक्षा तपासून पाहणे आवश्यक आहे.

होमी वाडिया दिग्दर्शित ‘हंटरवाली’ १९३५ साली प्रदर्शित झाला. राजाला बंदिवान करून प्रजेला नाडणाऱ्या प्रधानाविरुद्ध राजकन्या माधुरी मुखवटा चढवते, चाबूक हाती घेते आणि गोरगरिबांची कैवारी बनते. अशा काल्पनिक राज्याच्या आडून सेन्सॉरच्या कात्रीतूनही जुलमी सत्तेविषयी बोलता येत असे. नांदेड, लातूर हा प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील रयतेला अशी कथा परकी वाटण्याचे कारण नव्हते.

नायिकेची भूमिका करणारी नादिया, म्हणजे मेरी इव्हान्स (१९०८-१९९६), ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मली होती. सर्कशीचा अनुभव असलेली ही अभिनेत्री साहसदृश्ये स्वतः करीत असे. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) ती रेल्वेच्या टपावर गुंडांशी झुंजते. ‘डायमंड क्वीन’मध्ये (१९४०) मुंबईत शिकून गावी परतलेली तरुणी तेथील गुंडशाहीशी सामना करते. तेथे स्त्रीस्वातंत्र्याचा विषय उघडपणे येतो. निर्माते जे. बी. एच. वाडिया हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे अनुयायी होते, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

‘कुंकू’तील नीरा जरठविवाहाला विरोध करते, तिचा लढा घराच्या चार भिंतींतला व नैतिक स्वरूपाचा आहे. नादियाची नायिका मात्र रस्त्यावर, घोड्यावर, आगगाडीवर वावरते आणि संकटात सापडलेल्या पुरुषालाही सोडवते. अर्थात, ही मुभा मिळण्यात तिच्या गौरवर्णाचा व परकेपणाचा वाटा असावा. निळ्या डोळ्यांच्या, सोनेरी केसांच्या स्त्रीने पुरुषाला उचलून फेकले तर समाज टाळ्या वाजवतो. तेच घरच्या मुलीने केले असते तर त्याने काय म्हटले असते, हा प्रश्न हे चित्रपट टाळतात. त्यांच्या पुरोगामित्वाची मर्यादा येथे आहे, आणि ती पडद्यापेक्षा प्रेक्षागृहाची अधिक आहे.

१९४२ साली वाडियांचा परळ येथील स्टुडिओ व्ही. शांताराम यांच्याकडे गेला. ‘कुंकू’च्या दिग्दर्शकाने आपले ‘राजकमल’ उभारले ते त्याच जागेत. होमी वाडियांनी वेगळ्या ‘बसंत पिक्चर्स’मधून १९४३ साली ‘हंटरवाली की बेटी’ काढला. चाबूक पुन्हा नादियाच्याच हाती होता.