आयएसटी म्हणजे कोणाची वेळ?

१ जानेवारी १९०६ रोजी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानला ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ लागू केली. मुंबईला ती मानवली नाही. शहराची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, म्हणजे एका फर्मानाने घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले. महापालिकेने मुंबई टाइमचाच आग्रह धरला आणि पुढे कित्येक वर्षे शहरात दोन वेळा नांदल्या. भेट ठरवताना ‘कुठल्या टाइमाने?’ हे विचारावेच लागे.

देशाची वेळ एकदाची एक झाली, तिला आयएसटी (इंडियन स्टँडर्ड टाइम) हे सुटसुटीत नावही मिळाले. पण ही अक्षरे भारताने राखून ठेवलेली नव्हती. ग्रिनिचच्या दोन तास पुढची इस्रायलची प्रमाणवेळही आयएसटी. आयर्लंडने १९६८च्या कायद्याने एक तास पुढची वेळ प्रमाण ठरवली, तीही आयएसटी. ज्याने त्याने आपापल्या घरापुरते नाव ठेवले होते. ती नावे एकाच यादीत येतील, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

ती यादी संगणकांनी केली.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मूळ मांडणीत आयएसटीचा अर्थ इस्रायलची वेळ असा आहे. पुण्यातल्या कोणी रात्री ८ची नोंद ‘आयएसटी’ लावून भरली, तर डेटाबेस ती इस्रायलची रात्र समजतो आणि भारतीय वेळेत परत दाखवताना साडेअकरा वाजवतो. चूक झाल्याचा संदेश येत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नसते. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत मात्र हीच अक्षरे कोलकात्याकडे बोट दाखवतात. एकाच कार्यालयात प्रोग्रॅम जावाचा आणि डेटाबेस पोस्टग्रेसचा असला, की साडेतीन तासांचा घोळ पक्का.

अशा घोळाची तक्रार आधी ऑस्ट्रेलियाची होती. तिथल्या पूर्वेकडची वेळ आणि अमेरिकेतल्या न्यूयॉर्कची वेळ, दोन्हींना ईएसटी म्हणत. त्यासाठी पोस्टग्रेसने ऑस्ट्रेलियापुरती खास कळ ठेवली होती. २००६ साली आलेल्या ८.२ आवृत्तीत ती जाऊन संक्षेपांच्या निवडता येण्याजोग्या याद्या आल्या. त्यांत ‘इंडिया’ नावाची यादी आहे; ती लावली की आयएसटी साडेपाच तासांची होते.

आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या वेळक्षेत्रांच्या संग्रहाने वेगळी वाट धरली होती. तिथे वेळेची ओळख गावाच्या नावाने होते. ‘एशिया/कोलकाता’ या नोंदीत १९०६ पूर्वीची मद्रासची वेळ आहे आणि दुसऱ्या महायुद्धात घड्याळे तासभर पुढे केली होती, तो काळही आहे. तीन अक्षरांत एवढे मावत नाही.

२०२५ च्या पोस्टग्रेस १८ मध्ये क्रम बदलला: संक्षेप आला की वापरणाऱ्याने निवडलेल्या वेळक्षेत्रात त्याचा अर्थ आधी शोधला जातो, मग यादीत. त्यामुळे कोलकात्याचे क्षेत्र लावलेल्याला आयएसटी भारताचीच मिळते. आधी भरलेल्या जुन्या नोंदी मात्र तशाच राहतात, आणि त्या दुरुस्त करायच्या तर प्रत्येक नोंद कुठल्या देशातून आली हे आधी शोधावे लागते.